विनीताच्या बाजूचा वारा

मित्रांनो, मी रायपूरच्या शंकर नगरातल्या एका सरकारी क्वार्टरचा जुना लोखंडी कूलर आहे. नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडून घ्या, मध्ये थांबायची मला सवय नाही. माझा पत्रा गंजला आहे, मागची जाळी तारेनं बांधली आहे. पण मी आलो त्या वर्षी या ओळीत दुसऱ्या एकाही खिडकीला कूलर नव्हता, हे लक्षात ठेवा.

नवं राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. भोपाळहून साहेब आले, कपाटं आली, फायली आल्या. सगळ्यांना गार हवा पाहिजे. पंडरीजवळच्या ज्या शेडमध्ये माझा पत्रा कापला, तिथल्या कारागिरांना जेवायची फुरसत नव्हती. मला ठोकून, रंगवून बाहेर ठेवलं, तर एका साहेबाचा शिपाई मला न्यायला आला. त्यानं बटन दाबलं अन् कानांवर हात ठेवले. "ये तो ट्रक है भैया," म्हणाला आणि दुसरा घेऊन गेला. माझा आवाज मोठा आहे, त्यात लाजायचं काय?

मग वासुदेव आला. वर्ध्याकडचं घराणं, वडील रेल्वेत होते, हा मंत्रालयात बाबू. नवंच लग्न झालेलं. त्यानं माझा आवाज ऐकला, जरा विचार केला आणि म्हणाला, "हाच द्या."

का, ते मला घरी आल्यावर समजलं. क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्याची आई, प्रेमलाबाई. आतल्या खोलीत वासुदेव आणि त्याची बायको विनीता. मध्ये दार नाही, नुसता पडदा.

"कूलर आणला का पिठाची चक्की आणली रे?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"गार हवा देते, आई."

"हवा देईन तवा देईन. मले तर भिंत पडून राहिली असं वाटते."

त्या रविवारी दुपारी मी सुरू होतो. विनीता पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "आई झोपल्या काय?"

"झोपली का जागी, या आवाजात तिले आपलं काही ऐकू येत नाही. बोल."

"काय बोलू जी?"

"लगन झाल्यापासून तू मले हो अन् नाही, एवढंच बोलली. काहीही बोल."

"मग ऐका. तुमची मिशी चांगली नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी मिशी गेली. प्रेमलाबाई दोन दिवस पोराशी बोलल्या नाहीत. मी मात्र समजलो की या घरात माझं काम नुसती हवा देण्याचं नाही.

होळी झाली की वासुदेव मला अंगणात काढायचा. टाकी घासायचा, गळू नये म्हणून आतून डांबर लावायचा, मोटारीत तेल सोडायचा. मग तिन्ही बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायचा. पहिलं पाणी पडलं की विनीता डोळे मिटून वास घ्यायची. तो माझं तोंड जरा तिच्या बाजूला वळवून ठेवायचा.

"तुमाले वारा लागत नाही न मग," ती म्हणायची.

"मले तुझ्यावरून येते तो पुरते."

हे वाक्य तो माझ्या आवाजाआडच बोलू शकायचा, मित्रांनो. चारचौघांत तो तिला नावानं हाकसुद्धा मारत नव्हता.

त्यांना राधिका झाली, शाळेत जायला लागली. मग मंत्रालय नव्या रायपूरला गेलं. आधी वासुदेव दुपारी जेवायला घरी यायचा. आता सकाळच्या बसनं जायचा, तो संध्याकाळीच परत. त्याच सुमारास विनीताच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरनं सांगितलं, कूलरची ओली हवा अजिबात नको. वासुदेवनं माझा प्लग काढून दोरीनं बांधून टाकला.

"थोडा वेळ लावा न जी," ती म्हणायची. "ताट्यांचा वास तरी येऊ द्या."

"नाही. तू बरी हो, मग दिवसभर लावू."

असं म्हणून तो बाहेर यायचा आणि माझ्या मागे उभा राहून डोळे पुसायचा. खिडकीतला कूलर अर्धा घरात असतो, अर्धा बाहेर. दोन्हीकडचं त्यालाच दिसतं.

वैशाखात डॉक्टरनं हात टेकले. सगळ्यांना समजलं, एक वासुदेव सोडून. तो बंदी सोडेना. नौतपा लागला, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात तापणारे दिवस. तेव्हा एका दुपारी प्रेमलाबाई उठल्या आणि त्यांनी दोरी सोडली.

"औषध हरलं," त्या म्हणाल्या. "आता पोरीले गार तरी झोपू द्या. राधिके, पाणी आण."

ती चिमुरडी लोट्या-लोट्यानं माझी टाकी भरायची. वासुदेव यायच्या आधी प्रेमलाबाई मला बंद करायच्या, दोरी होती तशी बांधायच्या आणि वाळ्याचा वास लपावा म्हणून उदबत्ती लावायच्या. विनीता माझ्या वाऱ्यातच गेली. त्या दिवशी म्हातारीनं आधी माझं बटन बंद केलं, मग मुलाला फोन लावला. तो पोचला तेव्हा खोली भट्टीसारखी तापली होती. त्यानं भिंतीला हात लावला आणि तसाच खाली बसला.

प्रेमलाबाईंनी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मानी बाई, पोरानं जाब विचारला असता तर ऐकून घेणारी नव्हती. पुढे त्याही गेल्या.

त्यानंतर वासुदेव दर वर्षी मला धुवायचा, ताट्या बदलायचा. पण माझं तोंड आता पूर्ण विनीताच्या बाजूला. तिथे उशी, धुतलेली चादर, आणि कोणी नाही. तो स्वतः भिंतीला लागून, वाऱ्याबाहेर, घामानं भिजत पडायचा. मी सुरू झालो की बोलायचा. ऑफिसचं सांगायचा, भाजीचं सांगायचा. शेवटी रोज तेच यायचं. "तू मागितलं, अन् मी नाही देल्लं, विनीता."

देवानं मला पंखा दिला, जीभ दिली नाही. मी जोरात फिरायचो, पत्रा थरथरवायचो. अरे वेड्या, ती गार झोपत होती, हे एवढंच मला त्याला सांगायचं होतं. पण त्यानं नुसता माझा आवाज वाढायचा आणि त्याचं बोलणं कोणालाच ऐकू जायचं नाही.

राधिका मोठी झाली, नोकरीला लागली. तिला मराठी समजते, बोलते हिंदीत. तिनं शहरातच तेलीबांध्याला भाड्यानं फ्लॅट घेतला.

"चलो न बाबा. वहाँ एसी है. इस डब्बे को कबाड़ी को दे देते हैं."

"मले एसी नाही जमत."

"काहून नाही जमत?" ती चिडली की मराठीत यायची.

"आवाज नाही करत तो," वासुदेव म्हणाला. तिला काही समजलं नाही. पण मला समजलं. मी गेलो तर त्यानं विनीताशी बोलायचं कुठे?

मागच्या नौतप्यात एका दुपारी मी सुरू होतो, तो बोलत होता, राधिका बाहेरच्या खोलीत सामान बांधत होती. अन् माझी मोटार बसली. एका झटक्यात सगळं शांत. वासुदेवचं वाक्य अर्ध्यात होतं, ते थांबेना. "...मी नाही देल्लं, विनीता."

पडदा सरकला. "क्या नहीं दिया, बाबा?"

तो उठून बसला. मग म्हणाला, "तुझ्या मायले गार हवा नाही देल्ली मी. तापत गेली ती."

राधिका आत आली. "बाबा, ये तो रोज चलता था. आजी चलाती थीं. पानी मैं भरती थी."

"आईनं?"

"मुझे कसम दी थी. कहती थीं, तुझा बाप मले जनमभर बोलणार नाही. मुझे क्या पता, आप ये लेके बैठे हो."

वासुदेवनं पलंगाच्या रिकाम्या बाजूवर हात ठेवला. "तिले गार लागे काय?"

"चादर माँगती थी, बाबा. उस दिन भी ओढ़ के सोई थी."

"चादर मागे," तो म्हणाला. "चादर मागे ती." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्यानं रडला, कशाच्याही आड नाही. राधिका त्याच्याजवळ बसली. दोघं विनीताबद्दल बोलत राहिले, आणि मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला.

महिनाअखेरी ते तेलीबांध्याला गेले. मी आता मागच्या अंगणात आहे, टाकी कोरडी, ताट्या वाळलेल्या. तिकडे बापलेक काय बोलतात, मला कळत नाही. कळावंसं फार वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कूलरला उन्हाळ्याआधी तेल द्या, टाकीत पाणी कुजू देऊ नका. आमचे हाल करू नका. पण घरात कोणी आवाजाआड एकटंच बोलत असेल, तर आमचं बटन खुशाल बंद करा. त्याच्याजवळ बसा आणि काय झालं ते विचारा. उत्तर कदाचित तुमच्याचपाशी पडलेलं असेल.