धोंड्यावरची चुन्याची रेघ

मित्रांनो, राधानगरीच्या उतारावर बसलेला मी एक धोंडा. वय विचारू नका, मलाच ठाऊक नाही. पूर्वी मी वरच्या कड्यात होतो, तेव्हा मला कातळ म्हणत. जमिनीत रोवून असतो तो कातळ, सुटून आलेला मोठा दगड तो धोंडा. हा शब्द कुठून आला, ते गावात कुणाला नीट सांगता येत नाही. वापरतात मात्र उठता-बसता. नवसाच्या पोराला धोंडीराम म्हणतात, अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि ढिम्म माणसाला 'काय धोंड्यासारखा बसलायस' म्हणून झापतात. अहो, मी ढिम्म असतो तर बरं झालं असतं!

माझ्या खालच्या अंगाला झुंबरबाईचं घर आणि गोठा आहे. दर वैशाखात ती चुना कालवून माझ्या अंगावरून शेजारच्या कातळापर्यंत सरळ रेघ ओढायची. रेघ तुटली की धोंडा हलला, मग गुरं घेऊन वरच्या वाडीत जायचं. सासूनं घालून दिलेली रीत होती ती.

यंदा तिची म्हैस मरता मरता वाचली. तिचा मुलगा गुंडू मला नवस बोलला होता. त्यानं मला आणि कातळालाही जाड शेंदूर थापला, हार घातला. रेघ शेंदराखाली गेली. लोक नारळ फोडू लागले, देव जागृत हाय म्हणू लागले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्याची आता लाज वाटते.

आठ दिवस पाऊस धो धो कोसळतोय. माझ्या खालची माती गढूळ होऊन वाहतेय. आज दुपारी झुंबरबाई काठी टेकत आली. मोतीबिंदूमुळे तिला दिसतं कमी. तिनं मला चाचपलं.

"गुंडू, रेघ कुठं हाय?"

"आये, देवावर रेघ कशाला? आता त्योच राखंल की आपल्याला."

म्हातारीनं नखांनी शेंदूर खरवडला. माझ्यावरची रेघ सापडली, कातळावरचीही सापडली. दोन्हींत चार बोटांचं अंतर पडलं होतं.

"दावी सोड," एवढंच म्हणून ती गोठ्याकडे वळली.

म्हशी बाहेर काढून ती एकटीच चढ चढतेय. गुंडू अजून माझ्यासमोर हात जोडून उभा आहे, वाचव म्हणतोय. मित्रांनो, तुमच्या उतारावरच्या धोंड्याला पुजा हवं तर, पण त्याची रेघ झाकू नका. आणि आधी या गुंडूला हाक मारा. मला तोंड नाही, आणि पायाखाली मातीही उरली नाही.