कोपराचा अंदाज

तोर्गाईरने पुन्हा एकदा पिंपाला कान लावला. आत सामसूम.

काल दुपारी त्याने सातूच्या गोड काढ्यात विरजण घातलं होतं. व्हॉसच्या या दरीत बियरच्या विरजणाला आळस ठाऊक नाही. रात्रीच्या जेवणाआधी पिंप फसफसायला लागतं. आज सकाळ उजाडली तरी काढा तळ्यासारखा निवांत होता. तळ्यात निदान एखादा मासा तरी हलतो.

त्याचे वडील सिव्हर्त गेल्याला तीन दिवस झाले होते. आठवड्याअखेर दफन, आणि नंतर जमलेल्यांना घरची बियर. तीही गेलेल्या माणसाच्या विरजणाची. ओस्लोहून बहिणीने, मारितने, फोनवर सुचवून पाहिलं, "दुकानातून आण ना. लोक रडायला येतात, चव घ्यायला नाही."

तोर्गाईरला लोक माहीत होते. ते चव घ्यायलाच येणार होते. रडायचं काम मारितकडे होतं.

चूक कुठे झाली हेही त्याला आता कळलं होतं. काल सकाळभर त्याने जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळलेल्या पाण्याने पिंपं घासली. मग वडिलांसारखंच काढ्यात कोपर बुडवून पाहिलं. कोमट दुधासारखं लागलं, म्हणून विरजण घातलं. काढा बहुधा कढतच होता. थर्मामीटर खिशात होता. पण बापाच्या बियरला थर्मामीटर लावणं म्हणजे शवपेटीत हात घालून ताप बघण्यासारखं वाटलं. शिवाय माणसं बरीच येणार म्हणून विरजण होतं नव्हतं तेवढं घातलं. थोडं बाजूला ठेवायचं असतं, हे घरात दही लावणाऱ्या कुणालाही कळतं.

म्हणजे एकाच आठवड्यात बापही गेला आणि त्याचं विरजणही. पहिल्यात तरी तोर्गाईरचा हात नव्हता.

तो विरजण मागायला बर्फ तुडवत शेजारच्या गुन्वोरकाकूंकडे निघाला. मेंढ्यांच्या कुंपणावरून काकू आणि सिव्हर्त यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, असं सगळी दरी समजून होती.

काकूंनी दार उघडलं. "मेलं ना?"

"हो, रविवारी पहाटेच गेले."

"सिव्हर्तचं ठाऊक आहे रे. विरजण मेलं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात बघ तुझे, लालभडक. तासन्तास उकळत्या पाण्यात घातलेल्या हाताला काय, चटका पण कोमटच लागतो. तुझ्या बापानेही हेच केलं होतं. दोनदा. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा सिव्हर्त म्हणून."

"पण ते तर म्हणायचे, आमच्या घरचं विरजण कधी बाहेरून आणलं नाही!"

"बाहेरून कुठे? मागच्या दाराने यायचा. विरजण घ्यायचा, कुंपणावरून मला दोन शिव्या द्यायचा आणि जायचा."

तोर्गाईर तिथल्याच बाकावर बसला. दफनाच्या तयारीत त्याला बसायला पहिल्यांदाच फुरसत मिळाली होती. "म्हणजे आमचं विरजण तुमचं."

"आणि माझ्या सासूला ते दिलं तुझ्या आजीने. आता कुणाचं ते ठरवत बसू नकोस, त्याचंही कुंपण होईल." काकूंनी फ्रीजरमधून वाळवलेल्या विरजणाच्या खपल्यांची पुडी काढली. "यातलं थोडं बाजूला ठेव. आणि विरजण घालताना ओरडून जागं करायचं असतं, ओरडलास का काल?"

"घरात सुतक, काकू. ओरडायचं कसं?"

"मग झोपलं असेल बिचारं."

घरी येऊन त्याने काढ्यात निमूटपणे थर्मामीटर बुडवला. थोडं विरजण बरणीत ठेवलं, बाकीचं घातलं आणि पिंपात तोंड घालून ओरडला.

"शिंकलास का रे?" कुंपणापलीकडच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. "तुझा बाप माझ्या गोठ्यापर्यंत ऐकू यायचा!"

तोर्गाईरला ओरडायची ताकद नव्हती. गेले तीन दिवस तो फक्त "हो", "धन्यवाद" आणि "शनिवारी, बारा वाजता" एवढंच बोलत आला होता. त्याने पुन्हा पिंपात तोंड घातलं आणि जे काही आत साठलं होतं ते सगळं एकदम बाहेर काढलं. गोठ्यातल्या मेंढ्या ओरडू लागल्या.

"आत्ता कसं!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

तो पालथ्या बादलीवर बसून राहिला. अंधार पडू लागला तेव्हा त्याने पिंपाला कान लावला. आत कुणीतरी बारीक आवाजात, न थांबता कुरकुरत होतं. थेट सिव्हर्त.