संगणकावरचं क्रोशाचं आवरण

मे महिन्याची सुट्टी निम्मी सरली तरी संगणक रोज बंद पडतच होता. मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला, की पंधराव्या मिनिटाला पडद्यावर रंगीत रेघा येत आणि सगळं काळं होई.

"आजोबा, हे असंच राहिलं तर मी रविवारच्या एसटीनं पुण्याला जाते," चैत्राली म्हणाली.

नातीनं महाडात चार दिवस जास्त राहावं म्हणून तर कमलाकरांनी संगणक घेतला होता. उभा जन्म वाचनालयात गेलेला. त्यांनी पुस्तिका दोनदा वाचून काढली. चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड तापतंय, एवढं कळलं. पडद्यावर त्याचं तापमान दिसे. ते शहाण्णव अंशांवर गेलेलं.

बुधवारी कमलाकर संगणक सोहेलच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. त्यानं धूळ झाडली, कार्डाचा पंखा तपासला, तासभर तोच खेळ चालवला. आकडा चौऱ्याहत्तरच्या वर सरकेना.

"काका, इथे गरीब गाय आणि तुमच्याकडे द्वाड! घरी काय खाऊ घालता याला?"

गुरुवारी संगणक घरी आला. त्यांच्या बायकोनं, विनोदिनीबाईंनी, लगबगीनं त्यावर आपलं क्रोशाचं आवरण पुन्हा चढवलं. पुढे बटणापुरतं भोक, मागे वायरींपुरती फट, आतून धुळीसाठी जाड अस्तर. कमलाकर बघतच राहिले. दुकानात हे नव्हतं.

त्या अंघोळीला गेल्यावर त्यांनी गुपचूप आवरण काढून खेळ लावून पाहिला. शहात्तर. आवरण घातलं, सत्त्याण्णव.

पण सांगायचं कसं? मोतीबिंदूनं दिसेनासं झालेलं असताना विनोदिनीबाईंनी बोटांनी टाके मोजत चार महिने ते विणलं होतं. कमलाकरांनी मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. शनिवारी चैत्राली बॅग भरू लागली, तेव्हा ते खेळ चालू करून बायकोजवळ गेले.

"जरा इथे हात धर."

त्यांनी तिचा हात मागच्या फटीशी नेला.

"अगंबाई! हे तर सव गावचं गरम पाण्याचं कुंड!"

"पंखा गरम हवा बाहेर टाकतो. ती आवरणात कोंडते, पुन्हा कार्डाकडेच जाते."

"म्हणजे माझ्या आवरणानं?"

"थोडं धुळीनंही असेल..."

"धूळ सोहेलनं काढली ना? कधी कळलं तुम्हाला?"

"गुरुवारी."

"आणि पोर बॅग भरायला लागेपर्यंत गप्प बसलात? मला वाईट वाटेल म्हणून?"

कमलाकर चष्मा पुसू लागले. विनोदिनीबाईंनी चाचपडत नाड्या सोडल्या, आवरण उतरवलं. "चैत्राली, लाव गं तुझी गाडी. आकडा मोठ्यानं सांग."

"सत्तर... चौऱ्याहत्तर... शहात्तर!"

अर्ध्या तासानंतरही आकडा शहात्तरवरच होता आणि गाडी धावत होती. बॅग उघडीच राहिली. "आजी, मी पुढच्या रविवारी जाते हं," पडद्यावरची नजर न काढता चैत्राली म्हणाली.

विनोदिनीबाई आवरण घेऊन नवऱ्याच्या पुस्तकांच्या चळतीकडे वळल्या. "यांना तर उकडत नाही ना?"

कमलाकर अडखळले. मग म्हणाले, "पुस्तकांनाही वारा लागतो गं."

"बघा, आलं की बोलता!" विनोदिनीबाई हसल्या आणि त्यांनी आवरण नवऱ्याच्याच खांद्यांवर टाकलं. भर मे महिन्यात घाम पुसत, कमलाकर ते पांघरून बसून राहिले.