मागच्या सीटवरचा टर्बो

बोलतेय ती मीच, पार्किंगमधल्या तिसऱ्या खांबाशी उभी असलेली पांढरी गाडी. दचकू नका. तेरा वर्षं माणसं माझ्यात बसून एवढं बोलली आहेत, की कधीतरी मलाही दोन शब्द बोलावेसे वाटणारच.

माझ्या कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, माझ्यासारख्या पुण्यात पैशाला पासरी आहेत. तीन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन, चार दरवाजे आणि डिकीत दोन बॅगा मावतील एवढी जागा. कारखान्याच्या पट्ट्यावर माझ्या पुढे एक पांढरी होती आणि मागे एक. त्या दोघींचं पुढे काय झालं असेल, हा विचार अजूनही सिग्नलला उभी असताना मनात येतो. शेजारी एखादी पांढरी येऊन थांबली की मी तिच्याकडे निरखून बघते.

माझे पहिले मालक शनिवार पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक. रविवारी सकाळी ते मला सारसबागेपर्यंत नेत आणि परत आणून जुन्या धोतराने पुसत. नऊ वर्षं हेच. मग त्यांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी मला विकायला काढलं. बघायला वैजनाथ आला. परभणीकडचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला.

"पिकअप कसा आहे हो सर?" त्याने विचारलं.

"हिला घाई आवडत नाही," प्राध्यापक म्हणाले. "आपल्याला असेल, तर आपण मोटारसायकल बघावी."

तरी त्याने मलाच घेतलं. तेव्हापासून मी वाकडच्या या सोसायटीत राहते आणि रोज हिंजवडीला जाते. 'जाते' म्हणायचं आपलं. खरं तर मी तिथे सरकत असते.

आमच्या पार्किंगमध्ये कचऱ्याचे डबे आहेत आणि डब्यांमुळे उंदीर. मागच्या वर्षी त्यांनी माझी एक वायर कुरतडली. मी सुरूच होईना. त्याच आठवड्यात वैजनाथची आई, दुर्गाबाई, गावाहून आली होती. तिने ऐकलं मात्र, कंबर कसली.

"आमच्याकडं ट्रॅक्टरात तंबाखूची पुरचुंडी ठेवतेत," ती म्हणाली. "वासानं उंदीर जवळ येत नाही. मी करून देते."

हा उपाय पुण्यातही कितीतरी लोक करतात, त्यात काही चुकीचं नाही. दुर्गाबाईने जुन्या निळ्या लुगड्याचं टोक फाडलं, त्यात मूठभर तंबाखू बांधली आणि खाली आली. वैजनाथ बॉनेट उघडून काच धुवायच्या टाकीत पाणी ओतत होता आणि कानाशी फोन धरून ऑफिसशी बोलत होता.

"कुठं ठेवू रे?"

"ठेव गं कुठेही," तो म्हणाला.

तिने 'कुठेही' ठेवली नाही. ती विचार करणारी बाई आहे. उंदीर कुठून शिरेल, ते तिने वाकून शोधलं. पुढच्या जाळीमागे मुठीएवढ्या तोंडाचं एक काळं नळकांडं दिसलं. "शिरला तर इथूनच शिरंल," असं म्हणत तिने पुरचुंडी त्यात खोल सारली.

ते माझं नाक होतं.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. मला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते, आणि ती त्या नळकांड्यातून येते. पुरचुंडी आत ओढली गेली आणि वळणावर अडकून बसली. हवा यायची, पण चोरटी. तरी दोन महिने कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण हिंजवडीच्या वाहतुकीत दमाची गरजच पडत नाही.

मग एका रविवारी दुर्गाबाईला सिंहगड बघायचा होता. वैजनाथ, त्याची बायको रुपाली, दुर्गाबाई आणि ऑफिसातला मित्र रविराज, असे चौघे निघाले. सपाट रस्ता संपेपर्यंत ठीक होतं. घाटाच्या शेवटून तिसऱ्या वळणावर माझ्या नाकी नऊ आले. बारीक शिट्टी वाजू लागली. मी जीव खाऊन ओढत होते, पण शेवटी थांबलेच. मागे हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला शेजारून जाताना म्हणाला, "गडावर जायचंय की इथेच मुक्काम?"

वैजनाथचे कान लाल झाले. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"मी उतरते बाबा," दुर्गाबाई म्हणाली. "मीच जड झाले."

"आई, बस गं, काही नाही होत!"

ती उतरलीच. सोबतीला रविराजही उतरला. दोन माणसं कमी झाल्यावर मी कशीबशी वर गेले आणि तिथेच घोटाळा झाला. तिला आपल्या वजनाचा पुरावाच मिळाला ना! ती चपला घासत चढून आली आणि वर मला बघून हात जोडून म्हणाली, "चढली बाई एकदाची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून ती माझ्यात बसेना. भाजी आणायला चालत जाई, दवाखान्यात रिक्षाने. एकदा रुपाली तिला माझ्यापर्यंत घेऊन आली तर म्हणाली, "नको गं. लेकराच्या गाडीला माझं ओझं व्हायलंय. आता गावाकडंच बरं, परत काही यायची नाही मी." हे रुपालीने वैजनाथला माझ्यातच बसून सांगितलं. तो स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. आईने आपल्याकडे येणंच सोडलं तर, ही धास्ती त्याच्या हातांना होती. मला ती कळत होती.

मी सर्व्हिसिंगला जाऊन आले. फिल्टर बदलला, अंग धुतलं, सेंटचा फवारा मारला. नाकात कुणी डोकावलं नाही.

"अरे, टर्बो टाक ना!" रविराज म्हणाला. "सेम इंजिन, डबल पॉवर. आणि घाटात शिट्टी ऐकलीस ना? गाडी स्वतःच टर्बो मागतेय, ब्रो!"

आठ दिवसांत त्याने जुन्या बाजारातून एक टर्बो शोधून आणला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काळपट, जड. गडगडू नये म्हणून वैजनाथने तो मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. दुर्गाबाई बसायची, अगदी त्याच जागी.

पंधरा दिवस आम्ही दोघं बरोबर हिंडलो. मी त्याच्याकडे सारखी बघत असे. आकार गोगलगाईसारखा. गोगलगाय, आणि म्हणे वेग देणार! हा कुठल्या गाडीत होता, त्याने कोणते घाट पाहिले, ती गाडी आता कुठे आहे, असं खूप विचारावंसं वाटे. तो काही बोलला नाही. खोटं कशाला सांगू, मलाही मोह पडला. बायपासला एखादी नवी गाडी सुळकन पुढे गेली की वाटायचं, आपणही एकदा असं जाऊन बघावं. कसं वाटत असेल?

"एवढा चांगला असतो, तर कंपनीनेच का नाही बसवला?" रुपालीने विचारलं.

"कॉस्ट कटिंग, वहिनी."

"बरं. आणि तुम्ही दोघं कंपनीपेक्षा हुशार."

शेवटी वैजनाथ मला माणच्या रस्त्याला संपत मिस्त्रीकडे घेऊन गेला. जिथे त्याचं गॅरेज आहे, तिथे पूर्वी त्याच्याच घरची ज्वारी उभी असायची. मिस्त्रीने टर्बो हातात घेऊन उलटसुलट केला, बोटाने आतलं चाक फिरवलं.

"ह्यो डिझेल गाडीचा हाय," तो म्हणाला. "ठोकून बसवला तर बसंल. पर त्यो करतो काय, सांगा बरं?"

"पॉवर वाढवतो."

"हवा कोंबतो. धुराच्या जोरावर चाक फिरतंय आन हवा कोंबतंय. हवा जास्त, पेट्रोल जास्त, आग जास्त. आन पिस्टन? ते हायेत तेच. आज पळंल, उद्या हेड गॅस्केट उडंल. क्लच जाईल. इन्शुरन्सवाला हात वर करील. तुमी रोज हापिसला जाताय का शर्यतीला?"

वैजनाथ खाली बघत म्हणाला, "आईला गडावर न्यायचंय. तिला मधे उतरावं लागायला नको. तेवढंच."

 मिस्त्रीने टर्बो बाजूला ठेवून मापाचा टेप काढला. "बरं. हवेचा पाइप कुठनं जाईल ते तर बघू." त्याने माझं नाक खोललं, वाकून आत पाहिलं, पक्कड घातली आणि ओढलं.

आधी निळं फडकं बाहेर आलं. मग तंबाखूचा भुगा. मिस्त्रीला सटासट चार शिंका आल्या.

"ह्ये काय वो साहेब?" तो डोळे पुसत म्हणाला. "गाडीला मशेरी लावताय काय?"

वैजनाथ हसला नाही. त्याने ते फडकं हातात घेतलं. निळ्यावर पांढरे बारीक ठिपके होते. ते लुगडं तो लहानपणापासून ओळखत होता. तो तसाच जवळच्या टायरवर बसला.

"सुरू करा की आता," मिस्त्री म्हणाला.

सुरू झाले. अहो, काय सांगू! सर्दी सुटल्यावर पहिल्यांदा छातीभर हवा आत जाते ना, तसं झालं. शिट्टी नाही, धाप नाही. माझी मीच आश्चर्याने आवाज ऐकत राहिले. तेरा वर्षांच्या या अंगात एवढा दम होता?

घरी आलो तर दुर्गाबाई पार्किंगमध्येच उभी होती. पिशवी भरलेली, संध्याकाळची परभणीची गाडी, आणि बस स्टँडवर जायला बोलावलेल्या रिक्षाची वाट बघणं चाललेलं. शेजारी रुपाली उदास.

"आई," वैजनाथ म्हणाला, "गाडी घाटात का थांबली, माहितीय?"

"माहितीय की. मी जड झाले म्हणून."

त्याने पुरचुंडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटून पाहिली, हुंगली.

"ही तर माझी. कुठं होती?"

"हिच्या नाकात. हिला श्वासच घेता येत नव्हता."

दुर्गाबाईने पुरचुंडी मुठीत धरली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी... माझं ओझं नव्हतं?"

"पुरचुंडी तुझी होती गं. ओझं नव्हतं."

ती हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लागला. आणि मग एकदम उसळून म्हणाली, "मग इतके दिवस तुम्ही इंजिनेर लोकं काय बघायलात रे?"

"बघत होते ना आई," रुपाली म्हणाली. "यूट्यूबवर."

रिक्षा आली ती रिकामीच परत गेली.

आता पुरचुंडी बॅटरीच्या पट्टीला बांधलेली असते. दर महिन्याला दुर्गाबाई ती स्वतः बदलते, आणि वैजनाथ फोन खिशात ठेवून शेजारी उभा राहतो. उंदीर फिरकलेला नाही. टर्बो वर घरात आहे. वाऱ्याने गॅलरीचं दार आपटू नये म्हणून त्याला तिथे ठेवलंय, असं रुपालीकडून कळलं. काम हवेचंच आहे, तेव्हा रमला असेल. मला त्याची कधी कधी आठवण येते. त्याच्या जोरावर पळताना कसं वाटलं असतं, हे कुतूहल राहिलंच. राहू दे.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल. ती दमली, तर तिला काही नवं जोडायच्या आधी एकदा वाकून बघा, तिचं काही अडलंय का. आम्हाला सांगता येत नाही हो.

परवा पुन्हा सिंहगडावर गेलो. दुर्गाबाई पुढच्या सीटवर होती. ते वळण आलं तसा तिने दाराचा दांडा घट्ट धरला आणि वळण गेलं तरी सोडला नाही. वर पोचल्यावर सगळे भजी खायला पळाले. ती मात्र मागे थांबली. माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून तिने विचारलं, "दमलीस का गं?"

माझ्या पिकअपबद्दल आजवर सगळ्यांनी एकमेकांना विचारलं होतं. मला विचारणारी ही पहिलीच.

नाही आई. आज मुळीच नाही दमले.