सतरंजी फिल्म्सचा कान

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारी मुले बहुधा हसतात. बांबूच्या टोकाला करड्या केसांचे काहीतरी झुबकेदार लटकलेले दिसते आणि कुणीतरी विचारते, "ये बिल्ली है क्या?" मी मांजर नाही. मी एक जुना माइक आहे. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून मला ती केसाळ टोपी घालतात. टोपी काढली की उरते एक वीतभर लांबीची काळी नळी. तेवढाच मी.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही. मला आठवते ते जबलपूर. मदन महल स्टेशनच्या मागच्या गल्लीत श्रीकांत नावाच्या तरुणाचे लग्नाचे व्हिडिओ काढण्याचे दुकान होते. त्याने मला आणले. पहिली दोन वर्षे मी मंगलाष्टके ऐकली, बँड ऐकला, पंगतीत वाढणाऱ्यांची धावपळ ऐकली. काम बरे होते, पण माझ्याकडे लक्ष कुणाचेच नसे. व्हिडिओ तयार झाला की माझ्या आवाजावर गाणी चढवली जात.

श्रीकांतची वहिनी विनता शाळेत गाणे शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात येऊन बसायची आणि कधी कधी तयार झालेला व्हिडिओ द्यायला त्याच्यासोबत जायची. तिने एक गोष्ट पाहिली. लग्नाचा व्हिडिओ लागला की सगळे घर सतरंजीवर गोळा होई. आजोबा, सुना, रांगती पोरे, शेजारच्या मावश्या. कुणी लाजून उठत नसे, कुणी मुलांना आत पिटाळत नसे. व्हिडिओ संपला की मात्र जो तो आपापल्या खोलीत आणि आपापल्या फोनमध्ये.

एके दिवशी ती श्रीकांतला म्हणाली, "भाऊजी, सगळ्या घराला एकत्र बसून पाहता येईल, अशी गोष्टच आपण काहून नाही काढत?"

श्रीकांतने आधी चेष्टा केली, मग विचार केला, आणि आठवडाभरात दुकानाच्या पाटीखाली दुसरी पाटी लागली. सतरंजी फिल्म्स.

पहिली फिल्म वीस मिनिटांची होती. एक आजोबा नातीला सायकल शिकवायला निघतात आणि त्यांना स्वतःलाच सायकल येत नसते, एवढीच गोष्ट. आजोबा झाले पोस्टातून निवृत्त झालेले विष्णुपंत. ते दर वाक्यानंतर "बरोबर झालं ना?" असे विचारत, आणि तेही माझ्यात भरले जाई. स्टेशन जवळ असल्यामुळे गाडीची शिट्टी झाली की सगळे थांबत. विनताने गाड्यांचे वेळापत्रकच भिंतीवर चिकटवले होते. मला बांबूवर धरून उभी राहायची प्रणोती. ती इंजिनियरिंग शिकलेली, कमी बोलणारी मुलगी होती. कानाला हेडफोन लावून ती जे ऐके ते माझे ऐकणे होते. आमच्या दोघांचा मिळून एकच कान होता, असे म्हणा.

त्या फिल्ममध्ये आजोबा मराठीत बोलत आणि नात हिंदीत उत्तर देई. एका स्पर्धेत परीक्षकांनी भाषा शुद्ध नाही म्हणून फिल्म बाजूला ठेवली. विनताने शांतपणे सांगितले, "आमच्या घरी असंच बोलतात, सर." जबलपूरच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ती फिल्म लागली तेव्हा लोक इतके हसले की पुढची दोन वाक्ये ऐकूच आली नाहीत. मग आम्ही आसपासच्या गावांत निघालो, शहपुऱ्याला गेलो, कुंडमच्या शाळांत गेलो. भिंतीवर पांढरा कपडा बांधायचा आणि खाली सतरंज्या अंथरायच्या. वर्षाला एक फिल्म होऊ लागली, मग दोन. दुकानाशेजारची खोली घेतली. लग्नाची कामे कमी कमी होत गेली आणि माझ्या आवाजावर गाणी चढवणेही थांबले.

मित्रांनो, आता मी तुम्हाला ती गोष्ट सांगतो जी आमच्या पाटीवर लिहिलेली नाही.

मुलांच्या एका टीव्ही वाहिनीने आमच्याकडे मोठी फिल्म मागितली. तारीख ठरली. गोष्ट होती आजी आणि नातीची. नातीचे काम करणारी सलोनी नऊ वर्षांची होती. तिची खरी आजी, नंदाबाई, रोज तिच्याबरोबर यायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भाजी निवडायची. फिल्मच्या शेवटी आजी गावी परत जायला निघते आणि नात रडते, असा प्रसंग होता. त्या दिवशी नेमके नंदाबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. सलोनीला रडू येईना. चार वेळा झाले, पाच वेळा झाले. विनता बाहेर फोनवर वाहिनीच्या माणसाला समजावत होती. श्रीकांत दिग्दर्शन करत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

तो सलोनीजवळ गेला, खाली वाकला आणि तिच्या कानात म्हणाला, "बेटा, घरून फोन आला होता. तुझ्या आजीला दवाखान्यात नेलं आहे."

मी त्यांच्या डोक्यावर दोन वितींवर होतो.

सलोनी रडली. तिला श्वास पुरेना. कॅमेरा चालू होता. शॉट संपल्यावर खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रणोतीने हेडफोन काढला, बांबू भिंतीला टेकवला आणि ती सरळ बाहेर विनताकडे गेली. माझ्या इतक्या वर्षांत शूटिंग चालू असताना तिने मला खाली ठेवल्याचे तेवढेच आठवते.

विनता आत आली. तिने कुणालाच काही विचारले नाही. नंदाबाईंना फोन लावला आणि तो सलोनीच्या हातात दिला. पोर आजीचा आवाज ऐकून आणखीच रडली, पण ते रडणे निराळे होते. ती शांत झाल्यावर विनताने तिला घरी पाठवले आणि श्रीकांतला तो शॉट पुसून टाकायला सांगितला.

"वहिनी, असा शॉट परत नाही मिळणार," श्रीकांत म्हणाला. "वाहिनीवाले याच सीनची वाट पाहून राहिले. मी आपल्या कंपनीसाठीच केलं ना."

विनताचा आवाज चढला नाही. मला तो आजही जसाच्या तसा आठवतो. "भाऊजी, लोकं आपल्या भरवशावर लेकरं इथं सोडतात. घरच्यांनी मिळून पाहायची फिल्म आपण एका लेकराला फसवून काढली, तर तिच्यात घरचं काय राहिलं?"

श्रीकांत निघून गेला. दोन दिवस दुकान उघडलेच नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, शॉट पुसला आणि विनताला म्हणाला, चला. दोघे सलोनीच्या घरी गेले. तिथे काय झाले ते विनताने प्रणोतीला सांगितले, तेव्हा मी ऐकले. श्रीकांत जमिनीवर बसला आणि त्याने त्या पोरीची माफी मागितली. तिने विचारले, "आप फिर से झूठ बोलोगे?" तो म्हणाला, नाही. मग ती म्हणाली की येईन, पण आजीच्या गुडघ्याला बरे वाटेल तेव्हा.

गुडघ्याला दहा दिवस लागले. वाहिनीची तारीख निघून गेली आणि त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी फिल्म घेतली.

अकराव्या दिवशी नंदाबाई पुन्हा कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या. विनताने सलोनीला सांगितले, रडू नको, तुझी आजी निघाली तर तू काय करशील तेच कर. सलोनीने कॅमेऱ्याकडे पाठ केली. गोष्टीतल्या आजीच्या पिशवीत तिने डबा घातला, पाण्याची बाटली घातली, पिशवीला गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली. "पोहोचली की फोन कर," ती म्हणाली. एरवी हिंदीच बोलणारी ती हे वाक्य मराठीत बोलेल असे कुणालाच वाटले नव्हते, आणि शेवटच्या शब्दावर तिचा आवाज अडकला. फार नाही, एका श्वासाएवढा. कॅमेऱ्याला तिची पाठ तेवढी दिसली. तो श्वास फक्त मी टिपला.

मंडळाच्या हॉलमध्ये त्या श्वासाला मागच्या रांगेतल्या माणसांनीही डोळे पुसले. फिल्म गावोगाव फिरली. पण कंपनी वाढली ती निव्वळ त्यामुळे नाही. नंदाबाईंनी सगळ्या मोहल्ल्यात सांगितले होते की सतरंजी फिल्म्सकडे लेकरू बिनधास्त पाठवा. पुढे आईबाप स्वतःहून मुलांना घेऊन येऊ लागले. आज तिथे चौदा माणसे काम करतात. नवा दिग्दर्शक आला की श्रीकांत त्याला चहा पाजतो आणि आपली ती चूक स्वतः सांगतो, काहीही न लपवता.

माझे मात्र वय झाले. बटणाएवढे नवे माइक आले. ते कॉलरमध्ये लपतात, त्यांना बांबू लागत नाही. मला कपाटात ठेवले. एका पावसाळ्यात भिंतीची ओल आत उतरली आणि माझा आवाज खरखरू लागला. वर्षभर कुणी दार उघडले नाही. रागावलो नाही, पण एकटे वाटले हे खरे.

मागच्या हिवाळ्यात प्रणोतीने मला बाहेर काढले, पुसले, दिवसभर कोवळ्या उन्हात ठेवले आणि कुंडमच्या शाळेत नेले. तिथल्या मुलांना ती आवाज कसा टिपतात ते शिकवते. मुले रांगेत आली आणि माझ्यासमोर आपापले नाव सांगून गेली. इंदू नावाची एक मुलगी आली आणि गप्पच राहिली. मागची मुले ढकलू लागली. गुरुजी म्हणाले, ती बोलत नाही, पुढच्याला येऊ द्या. प्रणोतीने हेडफोन न काढता हात वर केला. थांबा, एवढाच त्याचा अर्थ. मला त्या मुलीचा श्वास ऐकू येत होता, ओठ उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज येत होता. पटांगणावरून एक बैलगाडी गेली. मग ती म्हणाली, "इंदू." प्रणोतीने हेडफोन तिच्या कानाला लावून तिलाच तिचा आवाज ऐकवला. खरखर होती, पण नाव स्पष्ट होते. इंदूने ते चार वेळा ऐकले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, अधूनमधून उन्हात ठेवा, एवढे माझ्यासाठी करा. आणि कुणी लहान तुमच्यासमोर बोलता बोलता अडले, तर त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नका. थोडे थांबा. त्याचे शब्द वाटेतच असतात.