सम्हा गाडीत बसली की

सम्हा उठत होती. मागच्या काचेतून मला आधी तिचं मागचं धड वर येताना दिसलं, मग पुढच्या पायांची दोरी ताणलेली दिसली, आणि मी किंचाळलेच, "आक्का, थांबव! उठतेय ती!"

झुवैनाआक्काने ब्रेक एकदम मारला नाही. मारला असता तर चारशे किलोंची सांडणी सरळ आमच्या डोक्यावर आली असती. तिने गाडी हळूहळू कडेच्या वाळूत उतरवली आणि आम्ही दोघी धावत मागे गेलो. सम्हाचं अंग थरथरत होतं. आक्काने तिच्या मानेवर हात ठेवला, "बस गं माझी राणी, बस," म्हणत तिला खाली बसवलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"आवाज ऐकलास ना तू पण?"

ऐकला होता. काटा पन्नासच्या वर गेला की खालून घरघर सुरू व्हायची, जात्यात खडा अडकावा तशी. ती नुसती कानाला लागायची नाही, पायाच्या तळव्यांतून वर चढायची. आम्हाला गादीवर बसून एवढी जाणवत होती, तर मागे पत्र्यावर पोट टेकून बसलेल्या सम्हाला काय होत असेल!

हे बुधवारचं. शनिवारी पहाटे शर्यत होती, आणि शर्यतीचं मैदान आमच्या वस्तीपासून सत्तर किलोमीटर. सम्हाची निवड पहिल्यांदाच झाली होती. झुवैना माझी थोरली नणंद. पंधराव्या वर्षापासून ती वाळूत पिकअप चालवतेय, आणि ही पिकअप तर मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधीची. सम्हाची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा आक्कानेच तिला शेळीच्या दुधावर वाढवली. त्यामुळे तिला शर्यतीला नेणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

वस्तीतल्याच खलफानमामांना मात्र तो होता. आम्ही परतलो तर ते कॉफी आणि खजूर घेऊन आमच्याच दारात बसलेले. वीस वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस, त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं ही त्यांची खात्री. शिवाय त्यांची सांडणी नशवा त्याच शर्यतीत पळणार होती.

"डिफरन्शियल," मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवत ते बसल्या जागेवरून म्हणाले. "गेलं ते."

"मामा, तुम्ही आवाज तरी ऐकलात का?"

"ऐकायचं काय त्यात? जुनी गाडी, मागून घरघर. दुसरं काय असणार? सम्हाला माझ्या गाडीत टाक. नशवाच्या शेजारी बसेल गुमान."

"म्हणजे जिंकली की तुम्ही गावभर सांगत फिरायला मोकळे, खलफानने आणली म्हणून!"

"आणि हरली तर?"

"तर मी सांगेन, मामांच्या गाडीत तिची हाडं खिळखिळी झाली म्हणून."

तरी मामांनी हट्टाने सम्हाला आपल्या गाडीकडे नेऊन पाहिलं. ती गाडीशी गेली, वास घेतला, मामांच्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशावर हिरवी पिचकारी टाकली आणि जमिनीवर बसकण मारली. तो विषय तिथेच मिटला.

मग मामांना शेजारी बसवून आक्काने रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर नेली. पन्नास, साठ, ऐंशी. आवाज नाही! पुन्हा पळवली. नाही म्हणजे नाही.

"पोरी," मामा उतरता उतरता म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. तुझी सांडणीच घोरत असेल."

सगळी वस्ती हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. आक्का हसली नाही. तिने किल्ली कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी बिदियाला. तयार राहा."

बिदियाच्या बाजारामागे नूर गुलचं गॅरेज. हा स्वातचा पठाण, पण इतकी वर्षं इथे आहे की आमच्या उंटांची नावंही त्याला पाठ. तो आक्काशेजारी बसला, मी खिडकीशी. आक्काने गाडी पळवली, मध्येच न्यूट्रल केली. डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. नूर गुल डोळे मिटून ऐकत होता. ऐकायला काहीच नव्हतं. मग त्याने गाडी उचलून टांगली, खाली शिरला, चाकं फिरवली, सगळे बोल्ट ठोकून पाहिले, डिफरन्शियलचं तेल काढून बोटांत चोळलं.

"आपा, यात लोखंडाचा कणसुद्धा नाही. डिफरन्शियल अजून दहा वर्षं जाईल."

"मग आवाज?"

"आजारी माणूस हकिमापुढे आला की त्याचा खोकला थांबतो," तो ओशाळून म्हणाला. "गाडीचंही तसंच झालंय. आवाज घेऊन या, मी दुखणं सांगतो."

आम्ही निघालो. आक्का इतकी चिडली होती की बाजारात वस्तीतल्या जोखाआत्याने हात केला तरी तिला दिसलं नाही. मीच थांबवायला लावलं. जोखाआत्या एकटी नव्हती. सोबत तिच्या दोन सुना, एक विहीण आणि वस्तीतल्या आणखी तिघी होत्या. सगळ्या पिशव्या, तांदळाची पोती, लग्नाची कापडं घेऊन मागे चढल्या. जोखाआत्या अंगाने चांगली भरलेली. ती चढली तशी गाडी मागून खाली बसल्यासारखी झाली.

गाव सुटलं. आक्काने वेग घेतला. चाळीस. पन्नास.

घर्रर्रर्र.

मी आक्काकडे पाहिलं. इथल्या बायका चेहऱ्यावर बांधतात त्या मुखवट्यातून तिचे डोळे तेवढे दिसत होते, पण ते कसे चमकले म्हणून सांगू! "आला!" तिने स्टिअरिंगवर थाप मारली. "आला गं रय्या, आला!"

"खाली काय तुटतंय?" मागून जोखाआत्या ओरडली.

"काही तुटत नाही आत्या! तुमचे पाय सोन्याचे आहेत!"

तिने क्लच दाबला, गाडी नुसती घरंगळू दिली. घरघर तशीच. "म्हणजे इंजिन नाही," ती पुटपुटली. मग थांबून खाली उतरली. "सगळ्यांनी पुढे सरका. अगदी केबिनला चिकटून बसा. मांडीवर मांडी."

"अगं, वेड लागलं का तुला?"

"सरका हो!"

सरकल्या. पन्नास, साठ, आवाज गायब. पुन्हा थांबलो. "आता सगळ्या मागे, फळीशी!" शिव्या देत देत सातही जणी मागे सरकल्या. पन्नास, घर्रर्रर्र! आता त्यांनाही मजा यायला लागली. तिसऱ्या खेपेला तर सांगावंही लागलं नाही. विहीणबाईच हुकूम सोडू लागल्या, "चला गं, पुढे!" आणि आवाज थांबला की सगळ्या टाळ्या पिटायच्या.

आक्काने गाडी वळवली आणि सगळ्यांना घेऊन परत बिदियाला आणली. गॅरेजच्या दारात तिचा भोंगा थांबेना. नूर गुल पान्यासकट बाहेर पळत आला.

"आवाज आणलाय," ती म्हणाली. "मागे बसलाय. कोणी उतरायचं नाही!"

सगळं ऐकल्यावर नूर गुलने कपाळावर हात मारला. "मी गाडी टांगून बघत होतो! टांगल्यावर चाकं खाली लोंबतात. वजन पडलं की मागचा सगळा भाग दबतो, दांड्याचा कोन बदलतो." तो तसाच जमिनीवर आडवा झाला आणि खाली शिरला. आक्काही दुसऱ्या बाजूने शिरली. रस्त्यावरची माणसं बघायला थांबली.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा जो लांब दांडा असतो, तो आमच्या गाडीत दोन तुकड्यांचा. मधोमध त्याला तोलायला एक बेअरिंग, आणि ते बेअरिंग जाड रबराच्या कड्यात बसवलेलं.

"आत्या, मागे सरका," खालून आक्काचा आवाज.

आत्या आणि बाकीच्या सगळ्या सरकल्या.

"बघा आपा, बघा! दांडा वर चढला!" नूर गुल ओरडला. "पुढे या आत्या! हां, उतरला!"

मलाही राहवेना. मी वाकून पाहिलं. रबराचं कडं वरच्या बाजूने ओठासारखं फाटलं होतं. रिकाम्या गाडीत फट मिटलेली, वजन पडलं की उघडी, आणि दांडा वरच्या लोखंडी पट्टीला टेकत होता. पट्टीवर घासून घासून चकचकीत रेघ उमटली होती. आक्का बाहेर आली ती मुखवट्याला तेल लागलेली आणि खळखळून हसत. मागच्या बायकांनी असा काही गलका केला की शेजारचा न्हावी गिऱ्हाईक सोडून आला.

आनंद पाव तास टिकला. असं बेअरिंग नूर गुलकडे नव्हतं. त्याने चार ठिकाणी फोन केले. मस्कतहून यायचं तर रविवार. शर्यत शनिवारी.

"ही गाडी आता बनतच नाही," तो म्हणाला. "हिची जुळी बहीण कुठे भंगारात पडलेली असली तर..."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. कारण जुळी बहीण कुठे होती ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. खलफानमामांच्या घरामागे, चाकं नसलेली, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात.

मामांकडे आक्का एकटी गेली नाही, मला घेऊन गेली. सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे बिघाड मागेच होता ना?"

"मध्ये होता, मामा."

"इंजिनाच्या मागे?"

"...हो."

"मग मी काय म्हणालो होतो?" ते उठले. बाह्या सरसावल्या. "कोंबड्या हाकला."

आणि खरं सांगते, त्या गंजलेल्या बोल्टांशी ते दीड तास झगडले. मी म्हणाले, नूर गुलला बोलवू. त्यांनी हात झटकला. दोन बोल्ट निघाले, तिसरा तुटला, चौथ्याला आक्का आणि मामा एकाच पान्याला लोंबकळले. बेअरिंग हातात आलं तेव्हा मामांनी ते पुसून कानाशी धरून फिरवलं. "सुस्साट," म्हणाले. "माझी गाडी होती ती."

"मामा, नशवा शनिवारी हरली तर?"

"तुझ्या सांडणीकडून? त्यापेक्षा मी हे परत घेतो." पण दिलं.

शुक्रवारी नूर गुलने सुट्टीचा दिवस असूनही ते बसवलं. मग सम्हाला चढवून रस्त्यावर नेलं. पन्नासला मी श्वास रोखला. साठ. सत्तर. खालून नुसता टायरांचा सूर. मागच्या काचेतून पाहिलं, सम्हा डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

शनिवारी उजाडता उजाडता अडथळा वर गेला आणि बावीस सांडण्या सुटल्या. मैदानाच्या कडेने मालकांच्या गाड्या सुटल्या, धूळ, भोंगे, आरडाओरडा. आक्काच्या हातात स्टिअरिंग, माझ्या हातात वॉकीटॉकी. सम्हाच्या पाठीवर माणसाऐवजी बसवलेल्या छोट्या यंत्रस्वाराच्या भोंग्यातून मी ओरडत होते, "हय्या सम्हा! हय्या माझी राणी!" मागे जोखाआत्या आणि तिच्या सगळ्या जणी फळी पिटत होत्या. चाळीस, पन्नास. शेजारून मामांची गाडी, मामा खिडकीबाहेर अर्धे. नशवा पुढे होती, मग बरोबरीत, मग मागे. शेवटच्या वळणावर सम्हा सातवी होती. आक्काने वॉकीटॉकी माझ्या हातातून हिसकावला आणि एकच शब्द बोलली, लहानपणी दूध पाजताना बोलायची तो. सम्हाने मान लांब केली.

ती तिसरी आली. नशवा नववी. मामा आले, आक्काला म्हणाले, "वजन वाढलंय नशवाचं," आणि मग न राहवून सम्हाच्या नाकावर नाक टेकवलं. ती या वेळी थुंकली नाही.

आक्काने पहिला फोन नूर गुलला लावला. रडू आणि हसू एकत्र येत होतं तिला.

"तिसरी आली नूर गुल, तिसरी!"

"ते होणारच होतं आपा," तो पलीकडून ओरडला. "आधी सांगा, आवाज आला का?"

"मला कुठे ऐकू येणार! या बायका गप्प बसतील तर ना!"