लहानीचा पहिला नंबर

भगीरथने रोजच्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि लहानीच्या प्लास्टिकच्या कॅरेटमधल्या वाकड्या, जून भेंड्या पटापट उचलून आपल्या कॅरेटमध्ये टाकल्या. बदल्यात आपल्याकडच्या कोवळ्या, सरळ भेंड्या तिच्या मालात वरखाली मिसळून दिल्या. लहानी तेव्हा शेडमागे हात धूत होती. भेंडी खुडली की हातांना खाज सुटते, ती बराच वेळ जात नाही.

शहापूरच्या बाजूच्या पाड्यांवरची भेंडी या शेडमध्ये जमायची आणि कंपनीच्या गाडीने जाऊन पुढे परदेशात विकली जायची. शेड सांभाळायचं काम भगीरथकडे होतं. कंपनीने प्रत्येक शेतकऱ्याला नंबर दिलेला, भेंडी लावणाऱ्या भगीरथलाही. ज्याच्या नंबरावर बाद माल जास्त, त्याची भेंडी बंद, असा नियम त्या हंगामात आला होता. लहानीची भेंडी हमखास जून व्हायची. नवरा गेल्यावर भावाच्या घरी राहणारी बाई, सगळ्यांचं उरकून मगच शेतात जाणार. तिचा नंबर कटला असता तर ती शेडवर कशाला आली असती?

आणि ती यावी, एवढंच तर भगीरथला हवं होतं. चाळिशीला टेकलेला गडी, बायको जाऊन वर्षं लोटलेली. पण लहानी चहाचा कप घेऊन समोर बसली की याची बोलती बंद. विचारायचं ते रोज राहून जायचं. ती निघून गेली की उरलेला दिवस त्याला नकोसा व्हायचा.

हंगामाच्या मध्यावर कंपनीचे विपुलसाहेब लॅपटॉप घेऊन आले. पडद्यावर रंगीत उभ्या पट्ट्या होत्या; माल द्यायला आलेली लहानी आणि पाड्यावरच्या बाया बाजूलाच उभ्या होत्या.

"लहानीबाई पहिल्या नंबरावर! बाद माल जवळजवळ नाहीच," साहेब खुशीत म्हणाले. "आणि सगळ्यात शेवटी कोण, सांगू? तू, भगीरथ. तुझी भेंडी उद्यापासून बंद."

याची तयारी भगीरथने मनाशी कधीच केली होती.

"माझी मी कल्यानच्या मार्केटला नेईन साहेब. शेडचं काम तर ऱ्हाईल ना?"

"राहील की. फक्त चांगल्या मालाला आता शेडपर्यंत यायची गरज नाही. खर्च कुणावर करायचा ते आकडेच सांगतात. सोमवारपासून लहानीबाईंच्या दारात गाडी जाईल."

खरं सांगावं तर तिचा नंबर कटणार. न सांगावं तर ती येणार नाही. भगीरथने साहेबांपुढे मान डोलावली. तिचं तरी भलं होत होतं.

साहेब गेले. लहानी अजून तिथेच होती.

"बरं झालं गो," भगीरथ कसाबसा म्हणाला. "तुझी पायपीट वाचली."

"माझी भेंडी येवढी सरळ कवा होती रे?"

भगीरथ खाली वाकून कॅरेटं रचू लागला.

"मला काय समजत नाय? करायला गेलास एक आनी झालं काय!" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "गाडी दारात येनार म्हनल्यावर भाऊस इचारंल, शेडवर कशाला जातेस? काय सांगू त्याला?"

भगीरथने वर पाहिलं. लहानीने रिकामं कॅरेट उचललं नव्हतं. पाड्यावरच्या बाया पुढे निघाल्या, त्यांनी तिला हाक मारली, तरी तो काही बोलेल म्हणून ती उभीच राहिली.